वेशीबाहेर

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी
बाबा खिडक्या लावून घेत.
शांतवन गायधने, मिशन शाळेतले ड्रॉइंग मास्तर,
सगळा जन्म रंगात बुडालेला माणूस,
पण त्या एका दिवशी रस्त्यावरचा रंग
त्यांना घरात नको असे.
"ते आपलं नाही," म्हणत.
आम्ही फटीला डोळा लावून
आपलं नसलेलं बघत असू.

आता मी इतवारीच्या एका बोळात
कवडूजींच्या ओट्यावर बसले आहे.
रविवारच्या मुलांसाठी
कागद डकवायची खळ कशी शिजवतात,
एवढंच विचारायला आले होते.
समोर मारबतीचा सांगाडा,
बांबूचे हात पसरलेले,
चेहरा अजून नाही.
कवडूजी जुनी वर्तमानपत्रं फाडतात, लावतात,
सोन्याचे भाव, वधू पाहिजे, निविदा, दुःखद निधन,
सगळं तिच्या अंगावर चढत जातं.

"लोकाइचं सारं इच्याच आंगावर, बाई.
खोकला, डेंगू, भांडणं, महागाई.
इनं काय केलं? काईच नाई.
म्हणून तं चालते."

माझ्या बोटांवरची खळ वाळत राहते.
वीस वर्षं फळ्यावर बाण काढून
हेच समजावत आले मी,
इकडे आपण, तिकडे तो, मध्ये ओझं.
मुलं जांभया देत. खरं सांगायचं तर मीही.
आणि हा म्हातारा
कानावरची विडी न काढता
चार वाक्यांत सांगून मोकळा.

यंदा मी खिडकी लावली नाही.
गल्लीतली पोरं पळसाच्या फांद्या झाडत आली,
घराघरातून रोगराई हाकलत,
घेऊन जा गे, घेऊन जा.
आमच्या फाटकाशी थबकली,
दारावरचा क्रूस त्यांच्या ओळखीचा.
"काकू, तुमचंबी नेऊ का?"

आमचं कधीच नेलंय रे कुणीतरी,
असं म्हणायला हवं होतं.
हेच तर शिकवते मी.
पण बाबांच्या मातीनंतर
विल्सनदादाशी आठ वर्षं बोलले नव्हते,
आणि ते कुणी नेल्याचं
मला तरी आठवत नव्हतं.
"थांबा," म्हटलं, आणि चप्पल घातली.

वस्तीबाहेर, नाल्याच्या काठी
तिला उभी करून पेटवली.
कागद आधी गेला, मग कापड,
मग काल रंगवलेला चेहरा.
कवडूजी जरा दूर उभे होते,
मुलगी सासरी धाडल्यासारखे.

"दरसाली कराव लागते," ते म्हणाले,
"एका साली सरते का बाप्पा?
तुमचं कसं हाय? तुमच्या त्याचं?"
"एकदाच," मी म्हटलं. "कायमचं."
त्यांनी बराच वेळ विचार केला.
"मंग पोट्टे अजून खोकलतात कसे?"

मला उत्तर आलं नाही.
नाल्यावरून धूर आमच्याच अंगावर वळला,
दोघंही खोकलो.

आग निवल्यावर त्यांनी
राखेतून दोन अर्धवट कामट्या ओढून काढल्या.
माझी नजर सवयीनं तिकडे गेली.
नाही, क्रूस वगैरे झाला नाही.
दोन्ही एकाच बाजूला पडल्या.
"पुढच्या साली कामी येतीन," म्हणत
त्यांनी त्या काखेत मारल्या
आणि चालू लागले.

रात्री दादाला फोन लावला.
तो उचलेपर्यंत अकरा वेळा वाजला.

रविवारी फळा पुसला नाही, वापरलाच नाही.
फरशीवर रद्दी पसरली, खळीचं पातेलं ठेवलं,
बांबूचा एक माणूस भिंतीला टेकवला.
कुणी विचारलं नाही कोण आहे म्हणून,
सगळ्यांचे हात कोपरापर्यंत बरबटलेले.

मग रोझलीन एक कपटा घेऊन आली,
गेल्या महिन्यातला, कोपरा फाटलेला.
"टीचर, यात माझ्या आजोबांचा फोटो आहे.
लावू?"

"लाव," मी म्हटलं.
"खांद्यावर लाव."